पातळ जवारी

फोन वाजला तेव्हा माझ्या तोंडात पेरूची फोड होती आणि दुकानात माझ्याशिवाय कोणी नव्हतं.

"हॅलो, इलाहीभाई हैत का?"

"अब्बा नमाजला गेलेत. आज जुम्मा ना. मोबाइल इथंच राहिलाय."

"तू कोण?"

"मी तरन्नुम. त्यांची मुलगी."

"बरं झालं. मी सुकुमार चौगुले. सकाळी गिटार घेऊन आलोतो न्हवं, त्यो. हे बघ बाळ, एक सांगायचं राहिलं. सरांना जवारी लागती. त्याबिगार त्यांचं चालत न्हाई. एवढा निरोप दे."

मी पेरू तसाच गिळला. "जवारी? कशी, खुली का बंद?"

त्यांच्या बाजूला एसटी स्टँड असावं. कुठली तरी गाडी हॉर्नवर बसली होती.

"आँ? पातळ, पातळ. जाड केली तर सर हात लावत न्हाईत. दोनला पोचतो आम्ही." आणि फोन बंद.

मी तेव्हा सातवीत होते आणि दिवाळीची सुट्टी चालू होती. आता दहावीत आहे, आणि त्या दिवसाबद्दल मला न लाजता सांगता येतं. घरी आम्ही दखनीत बोलतो. इथं सगळ्यांना मराठीत बोलायला लावलंय, तेवढं चालवून घ्या.

मिरजेला आमच्या गल्लीत घरटी सतारी होतात. भोपळे उन्हात वाळत पडलेले असतात आणि पाहुण्यांना वाटतं भाजीची वखार आहे. सतारीवर हाडाची एक घोडी असते, तिच्यावर तारा टेकतात. ती घोडी वरून किंचित उतरती घासायची, इतकी किंचित की डोळ्याला दिसत नाही. मग तार नुसती टेकत नाही, तिच्यावर लोळते, आणि सूर झणझणत लांबवर जातो. त्या झणझणीला जवारी म्हणतात, जास्त ठेवली की खुली, कमी ठेवली की बंद. कानशीचा एक हात जास्त बसला की तार खोकल्यासारखी वाजते. लांबलांबचे वादक आमच्या अब्बांकडे फक्त जवारी काढून घ्यायला येतात.

त्या उन्हाळ्यात एका गायिकेच्या तानपुऱ्याच्या घोडीवर मी गुपचूप हात चालवला होता. तो तानपुरा चार दिवसांनी परत आला. अब्बा रागावले नाहीत, रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी बारीक कानशींची पुडी वरच्या फळीवर ठेवली आणि म्हणाले, "दुकानात बस, तारा गुंडाळ, पॉलिश कर. कानशीला हात लावायचा नाही. परत लावलास तर दुकानातही बसायचं नाही." माझा भाऊ तेव्हा पुण्यात कॉम्प्युटर शिकत होता आणि भोपळ्याकडे बघतसुद्धा नव्हता. दुकानात मला बसायचं होतं. दुसरं काही नकोच होतं.

आता ती गिटार. सकाळी दहाला लोटलीकर सर ती घेऊन आले होते, बरोबर त्यांचं सगळं बघणारे सुकुमारकाका. साठीचे, पांढऱ्या केसांची मागे शेपटी बांधलेली, बुटांना टोकं. 'कोरा पासपोर्ट' नावाच्या हेरपटाचं शीर्षकगीत त्यांनी बांधलं होतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला कोल्हापुरात ते ध्वनिमुद्रित व्हायचं होतं. वाटेत गाडीत गिटार पडली. तिच्या मानेवर, खुंट्यांच्या जरा खाली, हाडाची बोटभर पट्टी असते. तिच्या सहा खाचांतून सहा तारा जातात. ती पट्टी फुटली. हाडावर काम करणारं जवळ कोण, तर आम्ही.

"सिनेमा सत्तर सालात घडतो," सर अब्बांना म्हणाले. "म्हणून गाणंही त्या वेळच्या रॉकसारखं. आम्ही हॉटेलांत वाजवायचो तसं. सुरुवातीला ड्रम नाहीत, काही नाही. फक्त ही सगळ्यांत जाड तार, मोकळी, तीनदा. ही म्हणजे हेराची पावलं, इलाहीभाई. दार उघडून तो आत येतोय आणि कोणाला पत्ता नाही." त्यांनी हवेतच तीनदा तार छेडली, बुटाचं टोक तीनदा आपटलं, आणि मला काटा आला. त्याआधी मी रॉक म्हणून जे ऐकलं होतं ते सगळं वरातीतलं.

अब्बांनी बाराच्या आत नवी पट्टी बसवली, तारा चढवल्या, आणि नमाजला गेले. अम्मी मागच्या घरात मटणाला फोडणी देत होती, कारण पाहुणे जेवून जाणार होते.

फोन ठेवल्यावर मी गिटारची जाड तार छेडली. ठण्. भिंतीवर टिचकी मारल्यासारखी. आमच्या गल्लीत असा सूर बाहेर गेला असता तर शेजारचे विचारायला आले असते, इलाहीभाईंची तब्येत बरी आहे ना. अब्बा जवारी काढायची विसरले, हे उघड होतं. आणि गिऱ्हाईक स्वतः फोन करून सांगतंय, लागते म्हणून. पातळ जवारी हा प्रकार मी कधी ऐकला नव्हता, पण म्हटलं रॉकवाले म्हणत असतील. गिटारची घोडी लोखंडाची होती. हाड फक्त त्या पट्टीत. म्हणजे जवारी तिथंच.

थांबायला हवं होतं, हे मला माहीत होतं. एक वाजून गेला होता, अब्बा पाऊण तासात आले असते. पण ते आले की वेळ उरणार नाही, असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. मला दाखवायचं होतं.

मी स्टुलावर चढले आणि पुडी काढली.

पहिली खाच घासताना हात इतका हलका होता की मलाच माझं कौतुक वाटलं. तार परत बसवली, छेडली. झ्यांऽऽ. ती झणझण दुकानभर फिरून आली. भिंतीवर टांगलेल्या दोन सतारी तिच्या मागोमाग गुणगुणल्या. मी एकटीच हसले. मग दुसरी, तिसरी. चौथ्या खाचेला मात्र चुकलं. कानस अडली नाही, सरळ खाली गेली, लोण्यात गेल्यासारखी. मी फुंकर मारली. पांढरी भुकटी उडाली आणि खाच दिसली. ती अब्बांच्या खाचेसारखी दिसत नव्हती.

हाड परत भरता येत नाही. खुंटी जास्त पिळली तर सैल करता येते, पॉलिश जास्त झालं तर पुसता येतं. हाड गेलं की गेलं.

दोन खाचा तशाच सोडल्या तर चार झणझणणार आणि दोन ठणठणणार. म्हणून त्याही घासल्या. भुकटी पुसली, कानशी पुडीत, पुडी फळीवर, स्टूल जागेवर. पेरूच्या बियासुद्धा उचलल्या. हेरानेही माझ्याकडून शिकावं, इतकं सगळं साफ केलं.

पावणेदोनला अब्बा आले. टोपी काढून खुंटीला अडकवली आणि माझ्याकडे बघितलं. नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ.

"कोणी आलं होतं?"

आता सांगायचं. गिऱ्हाइकाचा निरोप होता, मी केलं, ऐकून बघा. तीन वाक्यं.

"नाही," मी म्हणाले.

"फोन?"

"नाही."

आणि दार लागलं. ज्या माणसाला दोनदा नाही सांगितलं त्याला तिसऱ्यांदा हो सांगता येत नाही. निदान सातवीत नाही येत.

अब्बा गिटारपाशी गेले. वाकून बघितलं. आता तार छेडतील, आता छेडतील. पण त्यांनी छेडली नाही. गिटार उचलली, पेटीत ठेवली, पेटी स्वतःच्या बैठकीजवळ ओढून घेतली. मग कपाटातून हाडाचा एक तुकडा काढला, लहान करवत घेतली आणि तो कापायला बसले. कर्र, कर्र. कुठल्या सतारीसाठी, ते मी विचारलं नाही. तोंड उघडलं की दुसरंच काही बाहेर येईल, असं वाटत होतं.

"तुला काही सांगायचंय?" करवत न थांबवता ते म्हणाले.

"अम्मीला मदत करू?"

"कर."

सव्वादोनला पाहुणे आले. सुकुमारकाका भलेमोठे, घामाघूम, हातात सरांचा छोटा स्पीकर. मागच्या खोलीत चटई टाकली होती. अम्मीने मटणाचा रस्सा वाढला, चपात्यांची चळत मध्ये ठेवली. सरांनी चळतीकडे बघितलं, मग सुकुमारकाकांकडे.

"वहिनी," सुकुमारकाका जरा ओशाळून म्हणाले, "जवारीची न्हाई केली?"

"जवारीची?" अम्मी म्हणाली.

"भाकरी हो. सरांना गहू चालत न्हाई, पोट बिघडतंय. मी फोन करून सांगितलतं की. पातळ भाकरी लागती सरांना. ह्या पोरीलाच बोललो."

आमच्याकडे ज्वारीला जवारीच म्हणतात. अम्मी दिवसातनं दहादा म्हणते. मी रोज ती खाते. त्या पिठाचा डबा माझ्या पाठीमागे दोन हातांवर होता.

सगळे माझ्याकडे बघत होते. म्हणजे तिघं. अब्बा रश्श्यात बघत होते.

"विसरले," मी म्हणाले. माझा आवाज मला लांबून आल्यासारखा ऐकू आला.

"ध्यान कुठं असतं तुझं, तन्नू? कशात म्हणून लक्ष नाही." अम्मी उठलीच. "पंधरा मिनिटं, भाईसाहेब. तवा तापलेलाच आहे."

"सावकाश होऊ दे," लोटलीकर सर म्हणाले. "तोवर आम्ही गिटार बघतो."

चटईपासून दुकानापर्यंत चौदा पावलं आहेत. मी त्यांच्या मागून ती चालले. कुणाला भाकरी हवी होती, आणि मी उद्याचं गाणं कापून ठेवलं होतं. पळून जावं असंही मनात आलं. पण कुठं जाणार, सगळी गल्ली अब्बांना ओळखते. चार घरं पलीकडे गेले असते तर मला तिथंच बसवून चहा दिला असता आणि घरी निरोप धाडला असता.

सरांनी पेटी उघडली. वायर लावली. स्पीकरचा दिवा लागला. त्यांनी पट्टीवरून अंगठा फिरवला, पण नजर दुसरीकडे होती. ते आधीच गाण्यात गेले होते. बुटाचं टोक वर उचललं.

झ्यांऽऽ.

स्पीकरमधून ती झणझण आली तेव्हा भिंतीवरच्या सतारी गुणगुणल्या नाहीत, थरथरल्या. सरांचा बूट वरच राहिला. त्यांनी परत छेडली. परत तेच. त्यांनी हळूच तार दाबून बंद केली.

"हे काय झालं, इलाहीभाई?"

मी अब्बांच्या पाठीकडे बघत होते. ती पाठ जराही हलली नाही.

"माझ्या हातून झालं, साहेब," अब्बा म्हणाले. "खाच खाली गेली. माफी असावी."

असं वाक्य त्यांच्या तोंडून मी तोवर ऐकलं नव्हतं. त्यांना ऐकवायला कुणाला जागाच मिळत नसे.

सुकुमारकाकांचा चेहरा लाल झाला. "उद्या नऊला रेकॉर्डिंग हाय. वादक येऊन ऱ्हायलेत कोल्हापुरात. मी सकाळीच म्हणत हुतो सर, सतारवाल्याकडं गिटार दिऊ नका. भोपळं घासणारी माणसं ही. हातच तसलं."

अब्बांनी मान खाली घातली होती. ज्या हाताच्या भरवशावर लोक मोठमोठ्या मैफलींना निघतात, त्याला भोपळे घासणारा हात म्हटलं होतं, आणि तो हात मांडीवर उपडा पडून होता. मला वाटलं होतं भीती याहून वाढणार नाही. ती वाढली. आधी भीती होती की मला दुकानातून काढतील. आता दिसत होतं की दुकान राहील, मीही राहीन, आणि हे वाक्य अब्बांच्या नावावर कायमचं राहील. ते कोल्हापूरला जाईल, तिथून पुढे जाईल, आणि मला एकटीला माहीत असेल.

"हात माझा आहे," मी म्हणाले.

कोणाला नीट ऐकू गेलं नाही. मी परत म्हणाले. "अब्बांनी बरोबर केलं होतं. ते नमाजला गेल्यावर मी घासलं. यांनी फोनवर सांगितलं, सरांना जवारी लागते म्हणून. पातळ."

मागच्या घरात अम्मी भाकरी थापत होती तो आवाज येत होता. थप, थप, थप.

"अगं माझे आई," सुकुमारकाका शेवटी म्हणाले आणि मटकन स्टुलावर बसले. "मी पोटाचं बोलत हुतो."

सर हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग जाड तार पुन्हा छेडली आणि ती झणझण विझेपर्यंत डोळे मिटून ऐकली.

"चांगली काढलीयस," ते म्हणाले. "सतारीवर असती तर मी काही बोललो नसतो. पण पोरी, हा हेर आहे. हा पायात घुंगरू बांधून आला तर पहिल्याच दारात धरला जाईल. मला आवाज न करता आत येणारा माणूस पाहिजे."

"हो," मी म्हणाले.

"नवी पट्टी लागेल, इलाहीभाई. आम्हाला पाचला निघायचंय."

अब्बांनी शर्टाच्या खिशात हात घातला आणि हाडाची एक कोरी पट्टी काढली. बोटभर लांबीची, बरोबर त्या मापाची. मघाशी करवतीखाली होती ती. त्यांनी ती माझ्यासमोरच्या पाटावर ठेवली. मग उठून, वरच्या फळीवरची पुडी काढून, तीही तिच्याशेजारी ठेवली.

"बस," ते म्हणाले.

"मी?"

"खाच कोणी बिघडवली?"

"इलाहीभाई, तुम्हीच करा," सुकुमारकाका म्हणाले. "पोरीचा हात बघा कसा लटलट कापायलाय."

"दिसतोय मला," अब्बा म्हणाले. "चूक माझ्या नावावर राहिली असती तर पट्टी मीच केली असती. आता ती बोललीय." मग माझ्याकडे वळून, हळू आवाजात, "कापू दे हात. कानस सोडू नकोस. आणि मागच्या बाजूला उतार दे. सतारीत तार लोळली पाहिजे, हिच्यात एका जागी उभी राहिली पाहिजे. पुढच्या कडेवर. बाकी कुठंही टेकता कामा नये."

मी बसले. खाचेला तीन हात मारायचे, फुंकर मारायची, तार ठेवून बघायची, परत दोन हात. अब्बा शेजारी बसून बघत होते, पण हात मागे बांधून. सर दारात उभं राहून भाकरी खात होते. मध्येच खाणं थांबवून कानशीचा आवाज ऐकायचे आणि त्याने माझी भीती आणखी वाढायची. पाच खाचा झाल्या. सहावी, जाड तारेची, घ्यायच्या वेळी माझ्या बोटांना घाम सुटला होता. मी ती फ्रॉकला पुसली. एक हात. दोन. मी थांबले.

"अजून?" मी विचारलं.

"तू सांग," अब्बा म्हणाले.

माझ्या आयुष्यात इतका भयंकर शब्द मला कोणी ऐकवलेला नाही. मी तार ठेवून डोळा लावला. पुढची कड सोडून मागे पट्टी आणि तार यांच्यामध्ये उजेडाची एक रेघ असायला हवी होती. होती असं वाटलं, नव्हती असंही वाटलं. मी अजून एक हात मारला. केसाएवढा. मग कानस खाली ठेवली.

साडेचारला सरांनी वायर लावली. तार छेडली. बूट आपटला. तीनदा. सतारी गप्प राहिल्या.

"आला बघ आत," सर म्हणाले. "कोणाला कळलं नाही." एवढंच. त्यांनी पेटी बंद केली. सुकुमारकाका निघताना दारात घुटमळले आणि अब्बांना म्हणाले, "मघाचं मनात धरू नका." अब्बा म्हणाले, "भाकरी बांधून दिलीय, गाडीत ठेवा."

ते गेल्यावर मी झाडू घेतला. अब्बांनी तो माझ्या हातातून काढून घेतला.

"आरशात बघ."

तारांच्या कपाटाला आरसा होता. माझ्या डाव्या भुवईवर हाडाची भुकटी बसली होती, पिठासारखी पांढरी. सगळं पुसलं होतं, पेरूच्या बिया उचलल्या होत्या, आणि तोंड तसंच घेऊन फिरत होते.

"ही कधीची?"

"मी नमाजहून आलो तेव्हाची."

"मग बोलला का नाहीत?"

"पट्टी कापत बसलो होतो ना," अब्बा म्हणाले. "तेवढा वेळ दिला तुला. पट्टी झाली, तू नाही बोललीस. मग म्हटलं, पाहुण्यांसमोर चूक माझी म्हणून मला बोलावं लागेल." त्यांनी झाडू कोपऱ्यात ठेवला. पुडी फळीवर परत ठेवली नाही. ती पाटाखालीच राहिली, आणि अजून तिथंच असते.

'कोरा पासपोर्ट' पुढच्या वर्षी आला. सिनेमा आमच्याकडे दोन आठवडेच टिकला, पण गाणं टिकलं. गणपतीत बँडवाले ते वाजवतात, पोरं शिट्ट्या मारतात, आमच्या वर्गातल्या मुली बाकावर ताल धरतात. मी पण धरते, ड्रम सुरू झाल्यावर. त्याच्या आधीच्या तीन सुरांना मात्र मी नुसती कान लावून बसते.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी आणि अब्बा थिएटरात शेजारी बसलो होतो. अंधार झाला. पडद्यावर एक लांब बोळ, एक दार. पहिला सूर. ठण्. कोरा, स्वच्छ. दुसरा. तसाच. हेराने दाराच्या कडीला हात घातला आणि तिसरा सूर आला, आणि त्याच्या अगदी शेपटाला, संपता संपता, काही तरी सळसळलं. कुणाच्या बापाला ऐकू आलं नसतं.

अब्बा माझ्या कानाशी वाकले. "सहावी खाच."

"हो," मी म्हणाले.

"केसभर."

"माहितेय. तो शेवटचा हात नको होता."

ते मागे टेकले. ड्रम सुरू झाले, लोक ओरडायला लागले, पुढच्या रांगेतला एक जण खुर्चीवर उभा राहिला. अब्बांचा उजवा हात खुर्चीच्या दांडीवर होता, आणि अंधारात त्याची दोन बोटं, कानस धरल्यासारखी, उतार मागच्या बाजूला ठेवून, सावकाश मागंपुढं होत होती.